सावळ्या रंगाला ब्रॉन्झर कशाला?

ब्रॉन्झर म्हणजे चेहऱ्याला उन्हाची उबदार झाक देणारा मेकअप. ‘ब्रॉन्झर गोऱ्यांसाठी, सावळ्या चेहऱ्यावर तो दिसतच नाही’ हा समज आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलाय. त्याला कारणही आहे. गेर्लां या फ्रेंच सौंदर्यप्रसाधन कंपनीची ‘टेराकोटा’ ही ब्रॉन्झर पावडर 1984 साली फ्रान्समध्ये आली, ती उन्हात रापल्यासारखी झाक देण्यासाठी. साहजिकच सुरुवातीच्या छटा गोऱ्या त्वचेला धरून होत्या. तसली फिकट, चमकीची पावडर सावळ्या गालावर लावली की राखाडी दिसते. दोष छटेचा, रंगाचा नाही!

सावळ्या चेहऱ्यावरही एकाच छटेचं फाउंडेशन लावलं की चेहरा सपाट दिसतो. ब्रॉन्झर चेहऱ्याची उबदार झाक परत आणतो. आपल्या रंगापेक्षा एक-दोन छटा गडद, तांबूस किंवा सोनेरी तपकिरी आणि शक्यतो चमक नसलेला घ्या. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली ठरवू नका. जबड्याजवळ लावून दारात, उजेडात बघा.

मऊ, मोठा ब्रश पावडरीत जेमतेम टेकवायचा, झटकायचा, मग कपाळाच्या कडा, गालाच्या हाडाचा वरचा भाग आणि नाकावर हलकेच फिरवायचा. म्हणजे ऊन जिथे पडतं तिथेच. गालाच्या खळग्यात सावलीसारखं लावतात ते कंटूर, त्याची छटा थंड, म्हणजे करडट असते. आणि हो, सनस्क्रीन आधी वेगळं लावायचंच.