कारखाना बंद पडला म्हणून नदी शुद्ध होत नाही

कारखाने बंद पडले, माणसं निघून गेली की निसर्ग आपोआप परततो, असा एक समज आहे. दाखला बहुधा जर्मनीतल्या रुर खोऱ्याचा, म्हणजे तिथल्या जुन्या कोळसा-लोखंडाच्या पट्ट्याचा. गवत उगवतं, एवढं खरं. पण तिथली एम्शर नदी शतकभर उघडं गटार होती. कोळसा खाणींमुळे जमीन खचायची, जमिनीखालचे नळ टिकले नसते, म्हणून सांडपाणी नदीतच सोडायचे. खाणकाम तिथून उत्तरेकडे सरकल्यावर १९९२ मध्ये नदी सुधारण्याचं काम सुरू झालं, सांडपाण्यासाठी ५१ किलोमीटरची भुयारी वाहिनी टाकली, तेव्हा कुठे २०२१ अखेर नदी सांडपाण्यातून सुटली. याच खोऱ्यातल्या ड्युइसबर्ग शहराचा लोखंड कारखाना १९८५ ला बंद पडला. आज तिथे उद्यान आहे आणि गॅसच्या जुन्या टाकीत लोक चक्क डायव्हिंग करतात! मात्र दूषित माती बंकरांत बंदिस्त करावी लागली.