स्प्रिंगच्या तारेतला ०.१ मिलिमीटर

नाशिकच्या सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या, सिग्नलला थांबलेली विनागिअरची स्कूटर पाहा. इंजिन चालू, मागचं चाक स्थिर. मूठ पिळली की गाडी निघते. क्लचचा दांडा कुठेच नाही. रिमोटवर चालणाऱ्या नायट्रो गाडीतही (नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावरचं छोटं इंजिन असलेल्या मॉडेल गाडीत) हीच युक्ती असते, फक्त क्लच काडेपेटीत मावेल एवढा आणि इंजिन मिनिटाला ३०,००० फेऱ्यांच्या पुढे जाणारं.

अशी गाडी ब्रेक सोडताच आपोआप रांगायला लागली, किंवा थ्रॉटल देताच घुसमटून बंद पडली, की दोष क्लचला दिला जातो आणि लगेच नव्या स्प्रिंगा मागवल्या जातात. पण स्प्रिंगला हवामान कळत नाही, कळतं ते कार्ब्युरेटरला. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा ५-६ टक्के विरळ. शिवाय डिसेंबरातल्या १० अंशांच्या सकाळपेक्षा मे महिन्यातल्या ४० अंशांच्या दुपारची हवा आणखी ९ टक्क्यांहून जास्त विरळ असते. मेमध्ये लावलेली सुई (कार्ब्युरेटरमधून किती इंधन जायचं ते ठरवणारा स्क्रू) तशीच ठेवून थंडीत गाडी काढली, तर मिश्रणात इंधन कमी पडतं, आयडल (थ्रॉटल न देता चालणाऱ्या इंजिनाच्या फेऱ्या) चढतो आणि गाडी रांगते. डिसेंबरची सुई मेमध्ये वापरली तर इंधन जास्त होऊन इंजिन घुसमटतं. म्हणून आधी इंजिन चांगलं तापवून आयडलवर ठेवा आणि कार्ब्युरेटरजवळ इंधनाची नळी चिमटा. फेऱ्या किंचित चढून तीन-चार सेकंदांत इंजिन बंद पडलं, तर लो-स्पीड सुई बरोबर आहे. लगेच बंद पडलं तर सुई घड्याळातल्या एका तासाएवढी सैल करा, खूप रेंगाळलं तर तेवढीच घट्ट करा. नंतर आयडल स्क्रू. एवढं करूनही तक्रार राहिली, तरच क्लच उघडा.

आता क्लचचं मर्म. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चकतीवरच्या, म्हणजे फ्लायव्हीलवरच्या, पिनांत तीन शू, म्हणजे घर्षणाने पकडणारे तुकडे, बसवलेले असतात आणि प्रत्येकाला एक स्प्रिंग आत ओढून धरते. फ्लायव्हील फिरलं की शू बाहेर फाकू पाहतात, आणि हा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा शू २ ग्रॅमचा आहे आणि त्याचं वजन अक्षापासून १० मिलिमीटरवर आहे. १५,००० फेऱ्यांना जोर सुमारे ४९ न्यूटन, म्हणजे ५ किलोचं वजन टांगावं तेवढा. ३०,०००ला तो दुप्पट नव्हे, चौपट होतो: २० किलो! २ ग्रॅमच्या तुकड्याचा जोर त्याच्या वजनाच्या दहा हजार पट. स्प्रिंगचा ताण त्यातून वजा करा. उरतो तो बेलवरचा, म्हणजे शूंभोवतीच्या आणि चाकांकडे जोर नेणाऱ्या वाटीवरचा, दाब.

स्प्रिंगा साधारण ०.९, १.० आणि १.१ मिलिमीटर तारेच्या मिळतात. फरक नखाएवढाही नाही, पण पीळ घेणाऱ्या स्प्रिंगचा ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १.१ चा चौथा घात १.४६. वेटोळी आणि घेर तेच असतील तर १.०च्या जागी १.१ लावताच ताण ४६ टक्के वाढला. जोर फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो म्हणून धरण्याच्या फेऱ्या त्याच्या वर्गमुळाने, म्हणजे २१ टक्क्यांनी चढतात. १४,०००ला धरणारा क्लच आता १७,०००च्या जवळपास धरेल. उलट ०.९ लावली तर ११,३००च्या आसपासच. क्लच लवकर धरला तर इंजिनाला जोर येण्याआधीच ओझं पडतं. उशिरा धरला तर शू घसरत राहतात, तापतात, बेल निळी पडते. म्हणूनच 'रेसिंग' म्हणून विकल्या जाणाऱ्या ताठ स्प्रिंगांचा मोह नको. सपाट, चांगली पकड असलेल्या मैदानावर त्या कामाच्या. डोंगरे वसतिगृहाच्या मैदानासारख्या मोकळ्या मातीत चाकं नुसती फिरतात, तिथे १.० पुरे.

शूची दिशा हा दुसरा हुकमी बदल. पिन पुढे आणि टोक मागे फरफटत असेल तर बेलचं घर्षण शूला आत ढकलतं, पकड मऊ येते. उलटा बसवला तर तेच घर्षण त्याला बेलमध्ये आणखी रुतवतं आणि गाडी हिसका देऊन सुटते. मॅन्युअलमधलं चित्र पाहूनच बसवा. ॲल्युमिनियमचे शू घट्ट धरतात, कंपोझिटचे थोडे घसरून; दोन ॲल्युमिनियम आणि एक कंपोझिट हा मधला मार्ग.

उघडताना चष्मा घाला, स्प्रिंग सुटून डोळ्याकडे येते. बेलचा स्क्रू काढल्यावर शिम (पातळ चकत्या) ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने कागदावर मांडा. शू आणि बेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तेलाचा थेंबही पकड खातो. शूला आरशासारखी चकाकी आली असेल तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासा. बेलच्या आत नखाला अडकणारी चर असेल तर बेल बदलायची. बेअरिंगा बोटावर फिरवा. खडखडली किंवा अडकली तर टाकून द्या, कारण जाम बेअरिंग बेलला इंजिनाबरोबर ओढते आणि आयडल कितीही उतरवला तरी गाडी रांगतच राहते. जोडणी झाल्यावर बेल आत-बाहेर केसभर, साधारण ०.२ मिलिमीटर, हलली पाहिजे. मुळीच हलत नसेल तर एक पातळ शिम काढा, कारण तशीच चालवली तर पहिल्याच टाकीत बेअरिंग जळते.