युव्ही दिवा बसवण्याआधी हे वाचा

डक्टमध्ये, म्हणजे एसीची हवा वाहून नेणाऱ्या पाइपात, युव्ही (अतिनील किरणांचा) दिवा लावला की घरातली हवा निर्जंतुक होते, असे ऐकून बरेच ग्राहक आमच्याकडे येतात. हे दिवे आम्ही बसवतो. पण त्यांचा खरा उपयोग हवेपेक्षा कॉइलला, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्या आणि पातळ पत्र्यांच्या जाळीला होतो, आणि ते आधी माहीत नसेल तर खर्च करूनही हिरमोड होतो. म्हणून हे पत्रक.

कॉइलवर काय घडते

थंड हवेच्या यंत्रणेत घरातली हवा गार कॉइलवरून फिरते. हवेतल्या वाफेचे तिथे पाणी होते, ते पत्र्यांवरून ओघळून खालच्या ड्रेन पॅनमध्ये येते आणि नळीवाटे बाहेर जाते. फिल्टरमधून निसटलेली बारीक धूळ या ओल्या पत्र्यांना चिकटते. ओल, अंधार आणि खायला धूळ मिळाली की बुरशीचा आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर धरायला वेळ लागत नाही. एसी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे येणारा कुबट वास बहुतेक वेळा इथलाच असतो. थर वाढला की पत्र्यांमधली वाट अरुंद होते, हवा कमी येते, कॉइल उष्णता नीट शोषत नाही आणि तेवढ्याच गारव्यासाठी यंत्र जास्त वेळ चालवावे लागते.

युव्ही-सी म्हणजे २०० ते २८० नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण. सूर्यप्रकाशातले हे किरण वातावरणातच अडतात, जमिनीवर पोचत नाहीत. पाऱ्याच्या वाफेचा दिवा मुख्यतः २५४ नॅनोमीटरचे किरण देतो. ते जिवाणूच्या डीएनएत शिरून त्याच्या कड्या भलत्याच ठिकाणी एकमेकींना जोडतात, मग त्याची पुढची पिढी तयार होत नाही. परिणाम किती होणार हे किरणांची तीव्रता आणि ते पडण्याचा वेळ यांच्या गुणाकारावर ठरते. कॉइल जागची हलत नाही. तिच्यावर दिवा चोवीस तास पडतो, त्यामुळे साध्या दिव्यानेही थर धरत नाही. तांबे आणि अॅल्युमिनियम यांना हे किरण काही करत नाहीत, उलट अॅल्युमिनियमवरून ते परावर्तित होऊन पत्र्यांच्या आतपर्यंत जातात.

मग हवेचे काय?

डक्टमध्ये हवेचा वेग सेकंदाला दोन-अडीच मीटर असू शकतो. दिव्यासमोरचा टप्पा अर्धा-एक मीटरचा. म्हणजे एखादा जिवाणू दिव्यासमोर अर्धा सेकंदही थांबत नाही. नाजूक जिवाणू तेवढ्यात मरतात, पण बुरशीच्या बीजाणूंना त्यांच्या कितीतरी पट मात्रा लागते आणि ते बिनबोभाट पुढे जातात. हवेवर खरोखर परिणाम हवा असेल तर जास्त ताकदीचे अनेक दिवे लावून हवेचा वेग, डक्टचा आकार आणि परावर्तन यांचे गणित मांडावे लागते. रुग्णालयात ते करतात. घरात एकच ट्यूब लावून ‘९९.९ टक्के निर्जंतुक हवा’ असे कोणी सांगत असेल, तर ते किती वेगाच्या हवेत मोजले हे जरूर विचारा.

विक्रेते अमेरिकेतल्या शाळांचा दाखला देतात. विल्यम वेल्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकाच्या अखेरीस फिलाडेल्फिया परिसरातल्या शाळांत युव्ही दिवे लावले आणि पुढे गोवराच्या साथीत त्या वर्गांमध्ये लागण कमी झाली, हे खरे आहे. पण ते दिवे वर्गाच्या वरच्या भागात टांगलेले होते, डक्टमध्ये नव्हते. तिथे हवा संथ फिरते आणि किरणांना वेळ मिळतो. तो दाखला डक्टमधल्या दिव्याला लावता येत नाही.

धूळ, परागकण, धूर, स्वयंपाकाचा वास यांवर युव्ही-सीचा काही उपयोग नाही. मेलेली बुरशीही अॅलर्जी करू शकते, म्हणून कॉइलवर आधीच जाड थर असेल तर आम्ही ती धुतल्याशिवाय दिवा लावत नाही. शिंका आणि धूळ हीच तुमची तक्रार असेल तर चांगला फिल्टर घ्या. तुमच्या ब्लोअरला (हवा ढकलणाऱ्या पंख्याला) पेलणार असेल तर मर्व्ह १३ दर्जाचा; फिल्टर किती बारीक कण अडवतो ते मर्व्हचा आकडा सांगतो. न पेलणारा दाट फिल्टर बसवला तर हवा कोंडते, तेव्हा आधी तपासणी करू द्या. घरातली आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली राहिली आणि ड्रेनची नळी तुंबलेली नसली तर कित्येक घरांत दिव्याची गरजच उरत नाही. आमचा धंदा दिवे बसवण्याचा असूनही हे सांगतो आहोत.

आम्ही कुठे नाही म्हणतो

फक्त गरम हवेची यंत्रणा असेल तर कॉइल ओली होतच नाही, तिथे दिवा वाया जातो. भिंतीवरच्या स्प्लिट एसीतही आम्ही वेगळा दिवा घालत नाही. त्याचा पंखा, झडपा आणि पॅन प्लास्टिकचे असतात, युव्ही-सीने प्लास्टिक पिवळे पडून तडकते, आणि किरण झडपांतून खोलीत येण्याचा धोका राहतो. डक्टच्या यंत्रणेतही हाच नियम: दिवा बसतो तो कॉइल आणि ड्रेन पॅनकडे तोंड करून, आणि फिल्टर, वायरी, लवचीक डक्ट यांच्यावर किरण पडू न देता. टाळता येत नसेल तिथे आम्ही धातूचे आवरण घालतो.

ओझोन तयार करणारे दिवे आम्ही कोणत्याही घरात बसवत नाही. १८५ नॅनोमीटरचे किरण बाहेर सोडणाऱ्या ट्यूबमुळे हवेतल्या ऑक्सिजनचा ओझोन होतो. वास घालवणारा दिवा म्हणून तो विकला जातो, पण ओझोनने घसा आणि फुप्फुसे चुरचुरतात, दमेकऱ्यांना तर त्रासच. आमच्या ट्यूबची काच हे किरण अडवणारी असते.

डोळे सांभाळा

पेटलेल्या ट्यूबकडे क्षणभरही उघड्या डोळ्यांनी पाहू नका. तेव्हा काहीच जाणवत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी येते, उजेड सहन होत नाही. बहुधा एक-दोन दिवसांत बरे वाटते, पण डॉक्टरांना दाखवा. त्वचाही भाजते. झाकण उघडताच दिवा बंद करणारा स्विच आम्ही प्रत्येक ठिकाणी लावतो. तो पट्टी चिकटवून किंवा तार जोडून निकामी करू नका, सर्व्हिसिंगला आलेल्या इतर कारागिरांनाही करू देऊ नका. दिवा चालू आहे का हे पाहायला काचेची खिडकी दिलेली असते, साधी काच युव्ही-सी अडवते.

ट्यूब कधी बदलायची

निळा उजेड दिसतो म्हणजे दिवा काम करतो, असे नाही. युव्ही-सी डोळ्यांना दिसत नाही आणि साधारण ९,००० तासांनंतर ते बरेच उतरलेले असते, निळी झाक मात्र तशीच राहते. वर्षाचे तास ८,७६०. म्हणून वर्षातून एकदा ट्यूब बदला, थंडीचा मोसम सुरू होण्याआधी नव्हे तर एसी लावायच्या आधी. दिवा सतत चालू ठेवा. वारंवार चालू-बंद केल्याने ट्यूब लवकर जाते. २० वॉटचा दिवा वर्षभरात सुमारे १७५ युनिट वीज खातो, हा खर्चही हिशेबात धरा. ट्यूबवर धूळ किंवा बोटांचे डाग असतील तर वीज बंद करून, ट्यूब थंड झाल्यावर अल्कोहोलच्या फडक्याने पुसा.

ट्यूब फुटली तर आत थोडा पारा असतो. ब्लोअर बंद करा, खिडक्या उघडा, मुलांना बाहेर न्या. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका. हातमोजे घालून जाड कागदाने तुकडे उचला, उरलेला चुरा चिकटपट्टीने टिपा आणि सगळे घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. ती बरणी आणि दरवर्षी निघणारी जुनी ट्यूब घरच्या कचऱ्यात टाकू नका. नवी ट्यूब बसवायला येणारा आमचा माणूस दोन्ही घेऊन जाईल.