ग्रहण आणि चंद्रकला

चंद्रग्रहण पौर्णिमेलाच लागते आणि सूर्यग्रहण अमावास्येलाच. मात्र दर पौर्णिमा-अमावास्येला ग्रहण लागत नाही. उधाणाचे तसे नाही. गोव्यातल्या खाजनांच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनींच्या, बांधांना दर पंधरवड्याला उधाणाचे पाणी भिडते, कारण त्याला सूर्य, पृथ्वी आणि चंद्र ढोबळपणे एका ओळीत आले तरी पुरते. ग्रहणाला ती ओळ नेमकी लागते.

पृथ्वीच्या सावलीमुळे चंद्रकला होतात, हा समज फार चिवट आहे आणि तो चूक आहे. चंद्राचा अर्धा भाग नेहमीच उजळलेला असतो. त्यातला किती भाग आपल्या बाजूला आहे, ती कला. हे चक्र २९.५३ दिवसांचे. फरक डोळ्यांनीही ओळखता येतो. बिजेच्या कोरीची दोन टोके चंद्रबिंबाच्या समोरासमोरच्या बिंदूंवर असतात. खंडग्रास चंद्रग्रहणात सावलीची गोल कड चंद्राचा जणू घास घेते आणि ती टोके बहुधा व्यासाच्या दोन अंगांना येत नाहीत. शिवाय कला दिवसांच्या हिशेबाने बदलते, ग्रहण तासांत सुटते.

चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. चंद्रबिंब जेमतेम अर्ध्या अंशाचे, म्हणजे तो सावलीच्या मध्यापासून दहा बिंबांइतका वर किंवा खाली जाऊ शकतो. हात लांब करून मधली तीन बोटे जोडून धरा; साधारण तेवढे हे अंतर. दोन्ही मार्ग जिथे छेदतात ते पातबिंदू, म्हणजे पंचांगातले राहू आणि केतू. सूर्य यांपैकी एकाजवळ असतानाच्या पौर्णिमा-अमावास्यांना ग्रहणे लागतात, म्हणून ती बहुधा जोडीने येतात. ७ सप्टेंबर २०२५ ला भाद्रपद पौर्णिमेचे खग्रास चंद्रग्रहण भारतभर रात्रीच्या आकाशात होते. लगेच २१ तारखेच्या सर्वपित्री अमावास्येला खंडग्रास सूर्यग्रहण झाले, पण ते न्यूझीलंडच्या बाजूला. सूर्य राहूपासून निघून पुन्हा राहूपाशी ३४६.६ दिवसांत येतो, त्यामुळे ग्रहणांचे महिने दरवर्षी मागे सरकतात.

वेळेत मात्र लोकांची गफलत होते. चंद्रग्रहणाचा मध्य पौर्णिमा तिथी संपण्याच्या आसपासच असतो: २०२५ च्या त्या ग्रहणात तिथी रात्री ११:३९ ला संपली आणि मध्य ११:४२ ला होता. सूर्यग्रहणात तसे धरून चालत नाही. २६ डिसेंबर २०१९ ला अमावास्या सकाळी १०:४३ पर्यंत होती, तरी गोव्यात ग्रहणाचा मध्य त्याआधी सुमारे सव्वा तास येऊन गेला. चंद्र जवळ असल्याने पाहणाऱ्याच्या जागेनुसार तो सरकलेला दिसतो. याला लंबन म्हणतात. सकाळचे ग्रहण यामुळे आधी येते, दुपारनंतरचे उशिरा.

सूर्याकडे थेट पाहू नये. काजळी धरलेली काच आणि एक्स-रे फिल्मही चालत नाही. दोन-तीन मिलिमीटर छिद्रांची चाळणी पांढऱ्या कागदापासून १ मीटरवर धरली की प्रत्येक छिद्राखाली सूर्याची सुमारे ९ मिलिमीटरची कोर उमटते. चाळणी कागदाला टेकवली तर नुसता छिद्राचा आकार दिसतो. माडाच्या झावळ्यांतूनही अंगणात अशाच कोरी पडतात. २ ऑगस्ट २०२७ च्या आषाढ अमावास्येला दुपारनंतर गोव्यातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसू शकेल, पावसाळी ढगांनी वाट दिली तर.