गोणी घेण्याआधी जनावराचे पोट ओळखा

शेतकरी बंधू-भगिनींनो,

आमच्या पशुखाद्याच्या दुकानात आल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "कोणती कांडी (दाबून केलेले तयार खाद्य) घेऊ म्हणजे दूध वाढेल?" त्यावर आम्ही विचारतो, "गाय रवंथ नीट करते का?" कारण गाय-म्हैस चारा स्वतः पचवत नाही. तिच्या कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, राहणारे असंख्य सूक्ष्मजीव तो आंबवतात आणि त्यातून मिळणाऱ्या ताकदीवर जनावर जगते, दूध देते, वजन धरते. दादर ज्वारीचा वाळका कडबा पचतो तो त्यांच्याच जोरावर. म्हणून खुराक आधी त्यांना मानवला पाहिजे.

कोठीपोट डाव्या अंगाला असते. शेवटच्या बरगडीमागच्या भकाळीत (खोलगट भागात) मूठ दाबून धरा आणि घड्याळ बघा. दोन मिनिटांत दोन-तीन वेळा पोट मुठीला बाहेर ढकलते. ढकलले नाही, किंवा मूठ काढल्यावर भिजवलेल्या कणकेसारखा खड्डा तसाच राहिला, तर पोटाचे काम मंदावले आहे. ही तपासणी घरातल्या प्रत्येकाला यायला हवी. रोज धार काढणाऱ्या बाईला तर यायलाच हवी, कारण जनावरातला फरक पहिल्यांदा तिच्याच लक्षात येतो.

निरोगी जनावर दिवसात सात-आठ तास रवंथ करते आणि एक घास साधारण ४० ते ६० वेळा चावते. त्या चावण्याने लाळ सुटते, मोठ्या गाईला दिवसाला १०० लिटरच्या आसपास. लाळेत नैसर्गिक सोडा असतो, तो पोटातले आम्ल मारतो. कुट्टी (कापलेला चारा) पिठासारखी बारीक केली किंवा कडबा कमी करून नुसती ढेप-भरडा वाढवला, की चावणे घटते, लाळ घटते आणि पोट आंबट होते. दुधाची फॅट उतरते ती अनेकदा इथूनच. अशा वेळी नवी गोणी घेण्याआधी कडबा वाढवून बघा, हे आम्ही विक्रेते असूनही सांगतो.

लग्नसराईत एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. मांडवात उरलेल्या बट्ट्या, भात, पुऱ्या वाया जाऊ नयेत म्हणून गव्हाणीत ओतल्या जातात. जनावर आवडीने खाते आणि दुसऱ्या दिवशी बसते. इतके पीठ एकदम गेले की कोठीपोटात लॅक्टिक आम्ल भराभर तयार होते, चारा पचवणारे सूक्ष्मजीव मरतात, अंगातले पाणी पोटात ओढले जाते. रवंथ बंद, आंबूस वासाची पातळ हगवण, डोळे खोल जाणे ही लक्षणे दिसली की घरगुती उपायात वेळ घालवू नका. आडव्या पडलेल्या जनावराला बळजबरीने काही पाजू नका, ते फुप्फुसात जाते. लगेच पशुवैद्यकाला बोलवा किंवा १९६२ वर फोन करा. अन्न उरलेच तर कडब्यासोबत थोडे थोडे द्या.

आमची कांडी नेली म्हणून जुनी ढेप त्याच दिवशी बंद करू नका. सूक्ष्मजीवांना नवा खुराक मानवायला दोन-तीन आठवडे लागतात. पहिले चार-पाच दिवस पाव हिस्सा, मग निम्मा, असे वाढवत न्या. लहान वासराला मात्र सरकी ढेप नको. त्याचे कोठीपोट तयार झालेले नसते आणि सरकीतले गॉसिपॉल हे विषारी द्रव्य त्याला बाधते.

रावेर-यावलकडच्या ग्राहकांसाठी: केळीच्या खांबात बहुतांश पाणीच असते. त्याने पोट भरलेले दिसते, पोषण होत नाही. कडब्याला जोड म्हणून चालेल.

उन्हाळ्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा आंबवण्याच्या क्रियेतून पोटात तयार होणारी उष्णताही जनावराला सोसत नाही. ते दुपारी खात नाही, ते याचमुळे. मुख्य चारा पहाटे आणि सूर्य कलल्यावर टाका, पाणी सावलीत आणि दिवसभर समोर ठेवा. म्हशीला घामग्रंथी कमी, त्यात रंग काळा. तिला डुंबायला जागा नसेल तर दुपारी दोन-तीनदा अंगावर पाणी मारा. उन्हाळ्यात म्हशीचा माज मुका राहतो, म्हणजे माजाची लक्षणे ठळक दिसत नाहीत, म्हणून पहाटे आणि रात्री लक्ष ठेवा.

आणि जून-जुलैत पावसाने ताण दिला, तर खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत गुरे सोडू नका. त्यातल्या विषाने जनावर काही मिनिटांत दगावू शकते. ज्वारी फुलोऱ्यात आल्यावरच कापून घाला.

खुराक ठरवायला याल तेव्हा जनावराचे वजन, दूध, वेत (कितव्यांदा व्याली ते) आणि सध्याचा चारा लिहून आणा.