मुंबई उपनगरात वीज कंपनी बदलताना : पात्रता, हिशोब, कागदपत्रं आणि अर्ज

दरवाढीनंतरचं पहिलं बिल हातात पडलं की सोसायटीत हमखास प्रश्न निघतो: "शेजारच्या विंगमध्ये कमी येतं, आपणही कंपनी बदलू का?" बदलता येते. पण अर्ज भरण्याआधी घर कुठल्या हद्दीत आहे, वायर कुणाची आहे आणि बारा महिन्यांचा हिशोब काय सांगतो, हे पाहून घ्या.

ही सोय आली कुठून, ते थोडक्यात. विद्युत कायदा 2003 मधल्या कलम 14 नुसार एकाच भागात दोन वितरण परवानेधारक, म्हणजे घरोघर वीज पोहोचवण्याचा परवाना असलेल्या कंपन्या, असू शकतात. टाटा पॉवर मुंबईत थेट घरगुती ग्राहकांना वीज विकू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2008 मध्ये स्पष्ट केलं. त्यानंतर ऑक्टोबर 2009 मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने जुन्याच वायरवरून नव्या कंपनीची वीज घेण्याची पद्धत घालून दिली. तेव्हाची रिलायन्सची उपनगरातली यंत्रणा 2018 पासून अदानीकडे आहे.

कोणाला बदलता येतं

वांद्र्यापासून भाईंदरपर्यंत आणि पूर्वेला कुर्ला, चेंबूर, घाटकोपर, विक्रोळी हा मुख्यतः अदानीच्या वितरणाचा पट्टा. तिथल्या ग्राहकाला टाटाकडे जाता येतं आणि पुढे परतही येता येतं. मुलुंड आणि भांडुपमध्ये महावितरणचा पुरवठा आहे. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्ट आहे आणि बेस्टच्या वायरवरून दुसऱ्या कंपनीची वीज घेता येत नाही. त्यामुळे दादरच्या नातेवाइकांना अंधेरीचा अनुभव सांगून उपयोग नाही.

बदलाचे दोन प्रकार आहेत. वायर जुन्याच कंपनीची राहते आणि वीज व बिल नव्या कंपनीचं येतं, तो चेंजओव्हर. नव्या कंपनीची स्वतःची केबल इमारतीपर्यंत येते आणि जोडणीच तिच्यावर जाते, तो स्विचओव्हर. एकाच गल्लीत दोन-दोन केबल टाकण्यावर आयोगाने बंधनं घातली आहेत, म्हणून बहुतेक घरांसाठी खरा पर्याय चेंजओव्हरचाच उरतो.

आधी हिशोब

नुसता युनिटचा दर पाहून अर्ज करणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. चेंजओव्हर झालेल्या घराच्या बिलात स्थिर आकार आणि वीज आकार नव्या कंपनीचा असतो, पण वहन आकार, म्हणजे वायर वापरण्याचं भाडं, वायर ज्या कंपनीची तिच्या दराने लागतो. 2011 पासून त्यावर क्रॉस सबसिडी अधिभाराचीही, म्हणजे ग्राहक गेल्याने जुन्या कंपनीला बसणारी तूट भरून काढणाऱ्या आकाराचीही, तरतूद आहे. हा अधिभार वापराच्या टप्प्यानुसार बदलतो. कंपनीची मागच्या वर्षांची राहिलेली वसुली भरून काढायला आयोगाने नियामक मत्ता आकार लावला असेल, तर तोही येतो. शेजारच्या विंगला टाटाचीच केबल असेल, तर त्यांच्या बिलात ही भर नसते. त्यांचं बिल समोर ठेवून केलेली तुलना म्हणूनच चुकते.

जुनी बारा बिलं काढा आणि प्रत्येक महिन्याची युनिटं टप्प्यांत फोडा. घरगुती दराचे टप्पे 0-100, 101-300, 301-500 आणि 500 च्या वर असे आहेत. जानेवारीत 180 युनिटं असतील तर 100 पहिल्या दराने आणि 80 दुसऱ्या दराने. मे महिन्यात एसीमुळे 420 झाली तर 100, 200 आणि 120 अशी फोड होते. सगळी 420 युनिटं वरच्या दराने लागतात, हा समज चुकीचा आहे. मग दोन्ही कंपन्यांच्या चालू वर्षाच्या मंजूर दरपत्रकातून वीज आकार, वहन आकार आणि अधिभार प्रत्येक टप्प्याला लावा. इंधनाच्या खर्चातला फरक वसूल करणारा इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, म्हणून दोघांचा एकाच महिन्याचा घ्या. बेरजेवर 16 टक्के वीज शुल्क दोन्हीकडे येतंच. बारा महिन्यांची बेरीज झाल्याशिवाय निर्णय घेऊ नका. हिवाळ्यात परवडणारी कंपनी मे महिन्यात महाग पडू शकते. दर साधारणपणे 1 एप्रिलला बदलतात, तेव्हा हाच हिशोब पुन्हा करावा.

कागदपत्रं आणि अर्ज

अर्ज नेहमी नव्या कंपनीकडे करायचा, ऑनलाइन किंवा ग्राहक सेवा केंद्रात. जुन्या कंपनीला ती कळवते. सोबत ताजं बिल, ते भरल्याची पावती, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा द्या: इंडेक्स-2 (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट किंवा मालमत्ता कराची पावती. भाडेकरूने नोंदणीकृत भाडेकरार आणि मालकाचं संमतीपत्र जोडावं.

अर्ज सर्वात जास्त अडकतो तो नावावर. बिल अजून वारलेल्या वडिलांच्या किंवा आधीच्या मालकाच्या नावावर असतं आणि अर्जदार दुसराच असतो. आधी जुन्या कंपनीकडे नाव बदलून घ्या. त्यासाठी मृत्यूचा दाखला, इतर वारसांची ना-हरकत आणि मालकीचा कागद लागतो, आणि दोन बिलं निघण्याइतका वेळ हाताशी ठेवा. हे टाळलं तर सुरक्षा ठेवीचा परतावाही जुन्याच नावाने निघतो आणि तो बँकेत भरता येत नाही.

दुसरी अडचण थकबाकीची. मागच्या वादातले चारशे रुपये बाकी दिसत असले तरी अर्ज थांबतो. वाद खरा असेल तर लेखी तक्रार करा, रक्कम 'हक्क राखून' (म्हणजे वाद न सोडता) भरा आणि पावती जपा.

पुढे मीटर बदलतो. त्या दिवशी मीटर रूमची किल्ली वॉचमनकडे असू द्या. कुलूप दिसलं की माणसं परत जातात आणि पुढची तारीख मिळायला वेळ लागतो. जुना मीटर काढण्याआधी त्याचा नंबर आणि रीडिंग एकाच फोटोत येईल असा फोटो काढा. अंतिम बिल याच आकड्यावर बनतं. नवा मीटर बसला की त्याचंही सुरुवातीचं रीडिंग टिपा.

नव्या कंपनीकडे सुरक्षा ठेव भरावी लागते. मासिक बिल असेल तर साधारण दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी. जुनी ठेव अंतिम बिलात वळती होऊन उरलेली परत मिळते, पण काही काळ दोन्हीकडे पैसे अडकतात, तेवढी सोय ठेवा. ग्राहक क्रमांक नवा मिळतो, म्हणून बँकेतला जुना ऑटो-पे अंतिम बिलाचा हिशोब मिटल्यावर स्वतः बंद करा.

चेंजओव्हरनंतर इमारतीची केबल जळली तर दुरुस्ती वायरवाल्या कंपनीचीच माणसं करतात. बिल आणि मीटरची तक्रार मात्र नव्या कंपनीकडे. दोन्ही ठिकाणचा तक्रार क्रमांक लिहून घ्या.

अर्ज कारण न देता अडवला किंवा ठेव परत आली नाही, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिथे निकाल लागला नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. मंचाचा आदेश पटला नाही तर 60 दिवसांत विद्युत लोकपालांकडे दाद मागता येते. कुठेही वकील नेण्याची सक्ती नाही.