कायदेशीर पालकत्व, बौद्धिक दिव्यांगांचे (गोवा)

वयाची १८ वर्षे पूर्ण झालेल्या, पण मालमत्ता, पैसा किंवा औषधोपचार यांविषयीचे निर्णय एकट्याने घेणे ज्यांना अवघड जाते, अशा बौद्धिक दिव्यांग व्यक्तींसाठी कायद्याने पालक नेमण्याची पद्धत. मूल सज्ञान झाले की आईवडिलांचा नैसर्गिक पालक म्हणून असलेला अधिकार संपतो. सांभाळणारी आई तीच असली, तरी मुलाच्या नावच्या कागदावर तिची सही चालेनाशी होते.

या नेमणुकीचा मुख्य आधार १९९९ चा राष्ट्रीय न्यास अधिनियम हा असून तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व (हा शब्द त्या कायद्याचा) आणि बहुविकलांगता यांना लागू आहे. आईवडील, नातेवाईक किंवा या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाकडे नोंदणी झालेली संस्था स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करते. जिल्हाधिकारी किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे या समितीचे सदस्य असतात. पालकाची मुळात गरज आहे का आणि असल्यास नेमकी कशासाठी, हे समितीने आधी ठरवायचे असते. नेमलेल्या पालकाने ६ महिन्यांच्या आत पाल्याच्या स्थावर व इतर मालमत्तेची यादी, आणि पुढे दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यापासून ३ महिन्यांत हिशेब सादर करायचा असतो. पाल्याची हेळसांड किंवा मालमत्तेची अफरातफर झाल्याची तक्रार आली, तर निदान तिघांच्या पथकाकडून चौकशी करून समिती पालकाला दूर करू शकते.

मालमत्तेचा हा भाग गोव्यात विशेष महत्त्वाचा ठरतो. पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या आणि आता २०१२ च्या गोवा वारसा कायद्यात सामावलेल्या तत्त्वानुसार आईवडिलांना आपल्या मालमत्तेच्या केवळ अर्ध्या भागाचेच मृत्युपत्र मनाप्रमाणे करता येते. उरलेला अर्धा मुलगा-मुलगी असा भेद न करता अपत्यांचा हक्काचा असतो, आणि कायद्याने सांगितलेल्या कारणांवाचून तो कोणाकडूनही काढून घेता येत नाही. त्यामुळे बौद्धिक दिव्यांग अपत्यही घराचे, भाटाचे (नारळीच्या बागेचे) किंवा शेताचे भागीदार होतेच. इन्व्हेंटरीच्या (वारसांमधील वाटणीच्या न्यायालयीन प्रक्रियेच्या) वेळी किंवा विक्रीखतावर त्याच्या वतीने कोण बोलणार, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. एरवी दिव्यांग भावंडाचा वाटा कुटुंबात डावलला जाण्याचा धोका असतो. गोव्याचा कायदा त्याला वाटा तरी नक्की देतो, मात्र तो वाटा राखणे पालकाच्या सचोटीवर अवलंबून राहते.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दृष्टी बदलली. त्यातील मर्यादित पालकत्व हे परस्परविश्वासावर चालणाऱ्या संयुक्त निर्णयाचे रूप असून ते ठरावीक काळापुरते, ठरावीक निर्णयापुरते आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून असावे लागते. १९९९ च्या कायद्यातील पालकत्वाला अशी कालमर्यादा नाही, आणि दोन्ही कायदे आजही शेजारी-शेजारी उभे आहेत.

पालक आणि काळजी-व्यवस्थापक (लागणाऱ्या सेवांची जुळवाजुळव करणारा माणूस) या मात्र भिन्न भूमिका आहेत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९६९ च्या लँटरमन कायद्याने राज्यभर विस्तारलेल्या प्रादेशिक केंद्रांमध्ये प्रत्येक लाभार्थ्यासाठी सेवा-समन्वयक नेमला जातो. त्या व्यक्तीची वैयक्तिक योजना आखणे, सेवा मिळवून देणे आणि त्यांवर लक्ष ठेवणे हे त्याचे काम. सही करण्याचा अधिकार त्याला या नात्याने मिळत नाही. भारतीय कायद्यात प्रत्येक व्यक्तीमागे असा समन्वयक नाही. २०१६ च्या कायद्यात अधिक आधाराची गरज असलेल्यांना त्यासाठी अर्ज करण्याची व मूल्यांकन मंडळाकडून तपासणीची तरतूद आहे, पण रोजची जुळवाजुळव करणारा माणूस त्यातून आपोआप मिळत नाही. गोवा सरकारच्या मासिक आर्थिक साहाय्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा अर्ज, १ लाख रुपयांपर्यंतच्या निरामय आरोग्य विम्याचे नूतनीकरण, दिव्यांगत्वाचा दाखला, ही सारी धावपळ घरचेच करतात. समितीपुढे वर्षाला जो हिशेब जातो, तो रुपयांचा असतो. पाल्याचे दिवस कसे जातात, याचा रकाना त्यात नाही.